वाड्यात पेटी कुणी आणली?

‘ऐतिहासिक कादंबरी वाचताना मागे कुठलं संगीत लावावं?’ हा प्रश्न तीन तऱ्हेची माणसं विचारतात. एक, लोकलमध्ये कानांत इअरफोन घालून वाचणारी. दोन, आजीला आता अक्षर दिसत नाही म्हणून तिची आवडती कादंबरी मोबाइलवर वाचून रेकॉर्ड करून देणारी. आणि तीन, अभिवाचनाचे कार्यक्रम करणारी हौशी मंडळी. मी तिसऱ्या जातीतला. या प्रश्नाचं उत्तर मला एका चुकीतून सापडलं.

आम्ही चौघं रणजित देसाईंच्या ‘स्वामी’तले निवडक प्रसंग वाचत होतो. माधवराव पेशवे आणि रमाबाई यांच्या एका संवादाखाली मी पेटी सोडली होती. संथ यमन, अगदी हलक्या आवाजात. काय वातावरण जमलंय, असं मनाशी म्हणतही होतो. कार्यक्रम संपला, चहा झाला आणि पहिल्या रांगेतल्या एक आजी काठी टेकत जवळ आल्या.

‘‘वाचलंत छान हो. पण वाड्यात पेटी कुणी आणली?’’

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. ‘‘पेटी साहेबाची. आणि साहेबाचं राज्य यायला अजून चाळीस-पन्नास वर्षं होती.’’

घरी जाऊन सालं ताडून पाहिली. आजींचं बरोबर होतं, किंबहुना त्यांनी मला थोडं सोडूनच दिलं होतं. माधवराव 1772 साली गेले. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसमध्ये देबँ नावाच्या कारागिराने घेतलं ते 1840 च्या दशकाच्या सुरुवातीला. म्हणजे माझी पेटी निदान सत्तर वर्षं लवकर वाजली होती. गंमत अशी की सभागृहातल्या बाकी कुणालाही ती खटकली नव्हती. उलट ‘जुना काळ उभा राहिला’ असं दोघांनी येऊन सांगितलं.

चुकीची पेटी लोकांना जुनी का वाटली आणि बरोबर आवाज शोधायचा कसा, ते या प्रकरणात पाहू. उदाहरणासाठी ‘स्वामी’च घेऊ. ती 1962 साली आली, 1964 साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि ती बहुतेकांच्या घरात असते. मधूनमधून ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’कडेही वळू.

1. मुळात लावायचंच कशाला?

कादंबरीला संगीताची गरज नसते. ती शब्दांवर उभी असते. मागे काही लावायचंच असेल तर ते ताटाच्या डाव्या बाजूसारखं असावं. लोणचं, चटणी, कोशिंबीर यांनी पोट भरत नाही, भरूही नये. वरणभाताची चव खुलवायची एवढंच त्यांचं काम.

वाचनामागच्या संगीताची कामंही मोजकीच आहेत. आपण कुठे आहोत ते सांगणं, वाड्यात की छावणीत. किती वाजलेत ते सांगणं, पहाट की मध्यरात्र. आणि दोन प्रसंगांच्या मधे ऐकणाऱ्याला श्वास घेऊ देणं. प्रसंग दुःखाचा आहे हे सांगणं मात्र त्याचं काम नव्हे, ते लेखकाने आधीच केलेलं असतं. वाक्य रडतंय आणि मागे सारंगीही रडतेय, असं झालं की ऐकणाऱ्याला रडायला जागा उरत नाही.

2. समई आणि स्पॉटलाइट

निवड करण्याआधी एक भेद नीट समजून घेतला की पुढचं सगळं सोपं होतं. आवाज दोन प्रकारचे असतात, कथेच्या आतले आणि कथेच्या बाहेरचे.

हे नाटकाच्या रंगमंचावर चटकन दिसतं. पेशव्यांच्या महालाचा देखावा आहे. कोपऱ्यात समई तेवते आहे. तिथे समईऐवजी टेबललॅम्प ठेवला तर प्रेक्षक हसतील. पण त्याच महालावर वरून विजेचा स्पॉटलाइट पडलेला असतो आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. कारण समई पात्रांच्या जगातली आहे आणि स्पॉटलाइट प्रेक्षकांच्या.

आवाजाचंही तसंच. देवडीवर सनई वाजते आणि रमाबाईंना ती ऐकू येते, हा आतला आवाज. निवेदनाखाली तंबोरा झंकारतो, पण तो पात्रांपैकी कुणालाच ऐकू येत नाही, हा बाहेरचा. ओळखायची कसोटी एका प्रश्नाची आहे: हा आवाज पात्राच्या कानावर पडतोय का?

आतल्या आवाजाला साल-तारखेचं बंधन आहे, तिथे सवलत नाही. बाहेरच्या आवाजाला ते नाही. ‘स्वामी’च्या निवेदनाखाली कुणी सरोद लावली, अगदी चेलो लावला, तरी तो गुन्हा नव्हे.

मग माझी पेटी तरी बाहेरचीच होती ना? माझ्या मनात होती. पण पेटी हे वाड्यात, दिवाणखान्यात, बैठकीवर बसून वाजवायचं वाद्य म्हणून आपल्या मनात इतकं रुजलंय की ऐकताक्षणी ती आपोआप महालात जाऊन बसते. म्हणजे मी स्पॉटलाइट समजून टेबललॅम्प लावला होता. बाहेरचा आवाज निवडताना तो आत शिरण्याजोगा नसावा, हा पहिला नियम.

3. प्रत्येक वाद्याला जन्मसाल असतं

आता आतल्या आवाजाकडे वळू. आधी एक गोष्ट कबूल करून टाकू: पेशवाईचा खरा आवाज आज हयात असलेल्या कुणीच ऐकलेला नाही. शनिवारवाड्यावरचा भगवा 1817 साली उतरला. भारतात गाण्यांच्या तबकड्यांचं ध्वनिमुद्रण सुरू झालं 1902 साली, कलकत्त्याला; गौहरजान त्यातल्या पहिल्या गायिकांपैकी. मधे पंच्याऐंशी वर्षांची दरी आहे. म्हणून आपण आवाज हुबेहूब उभा करू शकत नाही. जे तेव्हा नव्हतंच ते टाळणं एवढंच हातात उरतं.

तेव्हा काय नव्हतं? पेटी नव्हती हे कळलं. नाट्यसंगीतही नव्हतं, अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चा पहिला प्रयोग पुण्यात झाला तो 31 ऑक्टोबर 1880 रोजी. ठुमरी फुलली ती लखनौला, वाजिद अली शाहच्या अमदानीत, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. काश्मीरचं संतूर रागसंगीताच्या मैफलीत आणलं पंडित शिवकुमार शर्मांनी, मुंबईत, 1955 साली. बासरी कृष्णाइतकी जुनी खरी, पण तासभर राग मांडणारी मैफलीची मोठी बासरी ही विसाव्या शतकात पन्नालाल घोषांनी घडवलेली. मालिकांमध्ये राणी महालाच्या सज्जात उभी राहिली की संतूर आणि बासरी हमखास वाजतात. दोन्ही गोड, दोन्ही कालपरवाची.

खयालाचं प्रकरण जरा नाजूक आहे. दिल्लीला महंमदशहा रंगीलाच्या दरबारात (1719 ते 1748) सदारंग खयाल रचत होते, म्हणजे खयाल तेव्हा होता. पण महाराष्ट्रात त्याचं रोप लावलं, वाढवलं ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी, आणि त्यांचा जन्मच 1849 चा. तबलाही अठराव्या शतकात दिल्लीच्या बाजूला आकाराला येत होता. म्हणून 1765 च्या पुण्यातल्या प्रसंगात द्रुत खयाल आणि तबल्याच्या लग्ग्या लावू नयेत हे बरं.

मग होतं काय? तंबोरा होता. बीन, म्हणजे रुद्रवीणा, होती. पखवाज होता, सारंगी होती, धृपद होतं. वाड्याबाहेर डफ-तुणतुण्यावरचा पोवाडा होता, संबळावरचा गोंधळ होता, झांजा-मृदंगावरचं कीर्तन होतं. फौजेबरोबर कर्णे होते, शिंगं होती. आणि दरवाजावर सनई-चौघडा होता. एवढ्या आवाजांत तीनशे पानांची कादंबरी आरामात बसते.

आता आजींनी अडवलेली पेटी बाकीच्यांना जुनी का वाटली, त्याचंही उत्तर मिळतं. आपल्या कानांचं ‘जुनं’ साधारण पणजीपाशी येऊन थांबतं. पणजीने बालगंधर्वांची रेकॉर्ड ऐकली, आजीने ती गुणगुणली, आपण ती रेडिओवर ऐकली. त्या रेकॉर्डमागे पेटी होती (ऑर्गनही होता). म्हणून पेटी म्हणजे जुनं. त्याआधीचं सगळं धुक्यात, आणि धुक्यात सगळीच झाडं एका वयाची दिसतात.

4. ‘पेशवाई’ हा एकच काळ नव्हे

बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद मिळालं 1713 साली आणि पेशवाई बुडाली 1818 साली. एकशे पाच वर्षं. ही किती, ते असं पाहा: बालगंधर्वांनी गंधर्व नाटक मंडळी काढली 1913 साली. तिथून एकशे पाच वर्षं पुढे गेलं की 2018 येतं, म्हणजे ‘सैराट’ची गाणी वाजून दोन वर्षं झालेली. गंधर्वांचं पद आणि ‘सैराट’चं गाणं ‘एकाच काळातलं मराठी संगीत’ म्हणून कुणी एका प्रसंगात घातलं तर आपण त्याला वेड्यात काढू. पेशवाईच्या बाबतीत मात्र आपण हे बिनदिक्कत करतो.

सगळ्यात जास्त फसगत लावणीची होते. पेशवाई म्हटली की ढोलकी कडाडलीच पाहिजे, असं आपल्या मनात बसलंय. पण ज्यांच्या लावण्या आजही ठाऊक आहेत ते बहुतेक शाहीर उत्तर पेशवाईतले: होनाजी, परशराम, सगनभाऊ, प्रभाकर. त्यांच्या कीर्तीचा काळ सवाई माधवराव आणि दुसरा बाजीराव यांचा. राम जोशींचा जन्म 1762 चा, म्हणजे ‘स्वामी’तले थोरले माधवराव गेले तेव्हा ते दहा वर्षांचे होते. अनंत फंदी 1744 चे, माधवरावांच्याच वयाचे. तेवढे एक चालतील.

म्हणून थोरल्या माधवरावांच्या गोष्टीत उत्तर पेशवाईची रंगेल लावणी घालणं म्हणजे नातवाच्या लग्नातला डीजे आजोबांच्या मुंजीत वाजवणं. आणि आज आपण जी ठसकेबाज लावणी ऐकतो तिच्यावर सिनेमाचा आणि पेटीचा थर चढलेला आहे, तो वेगळाच.

5. आवाज हेच घड्याळ

आता मुख्य मुद्दा. काय वाजत होतं, एवढ्याने भागत नाही. कधी वाजत होतं हे त्याहून कामाचं आहे.

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोर कधी उभे राहिलात तर मान वर करून पाहा. दरवाज्याच्या माथ्यावर लाकडी खांबांचा, कमानींचा एक मजला आहे. तो नगारखाना. वाड्याची वास्तुशांत 1732 सालची. पुढे 1828 च्या आगीत आतले सहा-सात मजले जळून गेले, पण हा नगारखाना टिकून आहे. ठराविक प्रहरांना इथे चौघडा झडायचा, वर सनई धरायची, आणि तो आवाज वाड्यापुरता न राहता पेठांमध्ये उतरायचा.

हे संगीत कुणी तिकीट काढून ऐकत नव्हतं. ते घड्याळ होतं. दिवसाचे आठ प्रहर, एकेक तीन तासांचा. त्याहून बारीक हिशेब घटकांचा, चोवीस मिनिटांची एक घटका, अशा साठ. पाण्यावर तरंगणारं भोकाचं भांडं बुडालं की घटका भरली, की तासावर, म्हणजे धातूच्या थाळीवर, टोला. उत्तर पेशवाईत रात्रीची तोफ झाली की पुण्याच्या रस्त्यांवर हिंडायला बंदी असे.

आणि या सरकारी घड्याळाच्या खाली घराघरांचं घड्याळ चालू असे. उजाडण्याआधी जात्याची घरघर. मग भूपाळ्या, देवघरातली घंटा. संध्याकाळी शुभंकरोती आणि परवचा. रात्री देवळात कीर्तन, तिथला मृदंग. एखाद्या माणसाला डोळे बांधून पेशवाईतल्या पुण्यात सोडलं असतं, तरी किती वाजले ते त्याने कानांवरून सांगितलं असतं.

यातलं जातं आजही ऐकता येतं. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यातल्या कितीतरी बायांच्या आवाजात मुद्रित आहेत. या ओव्यांना वाद्याची साथ नाही. दगडाची घरघर हाच ताल, ती फिरवणारीचा दम हीच लय. ओळ कुठे तुटते ते कवितेवर नाही, श्वासावर ठरतं.

म्हणून कादंबरीसाठी आवाज निवडताना मी आता प्रसंगाचा भाव आधी पाहत नाही. आधी पाहतो: किती वाजलेत? वेळ कळली की अर्धी निवड आपोआप होते. पहाट असेल तर जातं. दिवस वर आला असेल तर चौघडा. मावळत असेल तर देवळातली घंटा. मध्यरात्र असेल तर एकटा टोला.

6. भूपाळी आणि भूप: नावात फसू नका

वेळेवरून बाहेरचा आवाजही निवडता येतो, कारण आपल्या रागांना वेळा आहेत. भैरव पहाटेचा, सारंग दुपारचा, भीमपलास तिसऱ्या प्रहराचा, यमन दिवेलागणीनंतरचा, मालकंस मध्यरात्रीचा. वाचकाला राग ओळखता आला नाही तरी बिघडत नाही. वर्षानुवर्षं रेडिओ ऐकून कान तयार झालेला असतो, पहाटेचा राग रात्री लागला की काहीतरी बिनसल्यासारखं वाटतं.

इथे एक खड्डा आहे, आणि मी त्यात पडलेलो आहे. पहाटेचा प्रसंग म्हणून भूपाळी हवी, भूपाळी म्हणजे भूप, असं म्हणून मी भूपाची एक सुरेख बीन लावली. सकाळ काही केल्या होईना. कारण भूपाळी हा गाण्याचा प्रकार आहे, देवाला जागं करायचं गाणं, तर भूप हा राग रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. नावं सख्ख्या बहिणींची, पण एक उजाडता उठणारी आणि दुसरी दिवे लागल्यावर.

मग सकाळी काय लावायचं? देसकार. गंमत पाहा: भूपाचे स्वर पाच: सा रे ग प ध. देसकाराचे स्वरही तेच पाच. पेटीवर बोट ठेवाल तर पट्ट्यासुद्धा त्याच. फरक वजनाचा. भूप गंधारावर रेंगाळतो, खालच्या अंगाला विसावतो. देसकार धैवतावर उभा राहतो, वरच्या अंगाला डोळे उघडतो. त्याच पाच खोल्यांचं घर, पण रात्री माणसं माजघरात बसतात आणि सकाळी अंगणात, तसं हे आहे. एकदा दोन्ही पाठोपाठ ऐका, हा फरक पुन्हा समजावून द्यावा लागणार नाही.

7. शब्द शब्दांशी भांडतात

वाचनाखाली काय लावू नये, याचे तीन नियम.

पहिला: मराठी शब्द असलेलं गाणं नको. एकाच वेळी दोन माणसं दोन गोष्टी सांगू लागली की आपण एकाचंच ऐकतो, आणि बहुधा जो गातोय त्याचं. वाचणाऱ्याचं वाक्य मग वाहून जातं. गाणं हवंच असेल तर ते दोन प्रसंगांच्या मधे ठेवा. आलाप चालतो, कारण त्यात शब्द नसतात. जात्याचा आवाज घेतानाही मी ओवी घेत नाही, नुसती घरघर घेतो.

दुसरा: चेहरे घेऊन येणारं गाणं नको. ‘राऊ’ 1972 ची, तिच्यावर आधारलेला ‘बाजीराव मस्तानी’ हा चित्रपट 2015 चा. चित्रपटातलं गाणं लावलं की वाचकाच्या मनात हळूहळू तयार होत असलेली मस्तानी क्षणात पुसली जाते आणि तिथे नटी येऊन उभी राहते. ज्या संगीताला आधीच चेहरा चिकटलेला आहे ते कादंबरीला नवा चेहरा घडवू देत नाही.

तिसरा: ऐकणाऱ्याच्या आयुष्यात त्या वाद्याचं काय झालंय ते विसरू नका. सनई पेशवाईतली, अगदी खरी. पण आजच्या मराठी कानाला सनई म्हणजे मंगल कार्यालय, अक्षता आणि जेवणाच्या पंगती. गंभीर प्रसंगाखाली नुसती सनई सोडलीत तर रांगेतला कुणीतरी नकळत जिलेबीचा विचार करू लागतो. सनईला चौघड्याची जोड दिली आणि ती दुरून आल्यासारखी बारीक ठेवली, की ती कार्यालयातून उठून पुन्हा नगारखान्यात जाते.

8. मग प्रेमाच्या प्रसंगाचं काय?

प्रेमकथा आहे म्हणजे गोड सूर हवा, ही पहिली ऊर्मी. पण माधवराव-रमाबाईंची गोष्ट कुठल्या घरात घडते ते पाहा. सोळाव्या वर्षी पानिपतानंतरची पेशवाई गळ्यात पडलेला मुलगा. घरात सत्तेसाठी टपलेला चुलता. बाहेर निजाम आणि हैदर. वाड्यात कारभारी, भिक्षुक, हुजरे, दासी. या दोघांना एकमेकांशी बोलायला मिळणारी घटकाभर निवांत वेळ हीच चैन.

तेव्हा या प्रसंगात प्रेम ऐकू कसं आणायचं? सूर घालून नव्हे, गर्दी काढून. प्रसंगाच्या आधी वाड्याचे आवाज ठेवा: लांबचा चौघडा, पावलं, भांडी. संवाद सुरू होताच ते एकेक करून विझवा. शेवटी दोन माणसांचे आवाज उरले की ऐकणाऱ्याला न सांगता कळतं: आता ही दोघंच आहेत.

‘राऊ’त मात्र गणित उलटं होतं. मस्तानीचं नाव गाण्या-नाचण्याशी जोडलेलं आहे. तिथे संगीत गोष्टीतच आहे, म्हणजे आतलं आहे, आणि म्हणून सालाला बांधलेलं आहे. काळ 1730 च्या आसपासचा, बाई बुंदेलखंडातून आलेली. शेजारच्या ग्वाल्हेरला धृपदाची दोनशे वर्षांची परंपरा. म्हणून तिच्या प्रसंगाला ठुमरी नको, लावणी नको. पखवाज, सारंगी आणि धृपद अंगाची चाल जास्त खरी वाटेल, आणि पुण्याच्या वाड्यात ती जरा परकीही वाटेल. तेच तर हवंय. मस्तानी त्या घरात परकीच होती.

बीन ऐकायची असेल तर उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांचं वादन मिळवा. त्यांनी पनवेलजवळ पळस्प्याला धृपदाचं गुरुकुल उभारलं. त्यांचा आलाप इतका सावकाश उलगडतो की वाचन त्याच्याशी झटापट न करता त्याच्यावर तरंगतं. त्यांनी आपली बीन आवाज खोल यावा म्हणून मोठ्या भोपळ्यांची, जाड दांडीची करून घेतली होती, म्हणजे हाही नाद अठराव्या शतकातला जसाच्या तसा नव्हे. पण हा बाहेरचा आवाज आहे, आणि बाहेरच्या आवाजाला सवलत आहे हे आपण दुसऱ्या भागात ठरवलं.

9. एक नमुना: नव्वद मिनिटांचं ‘स्वामी’

आता सगळं एकत्र करून पाहू. चुकीनंतर दुसऱ्या कार्यक्रमाला आम्ही आखणी केली ती अशी.

प्रसंग सहा. मोठ्याने वाचायला पानाला साधारण तीन मिनिटं लागतात, म्हणजे सगळे मिळून सत्तावीस-अठ्ठावीस पानं. नव्वद मिनिटांत संगीताचा वाटा दहावा, म्हणजे नऊ मिनिटं. त्याहून एक सेकंद जास्त नाही. आवाज फक्त तीन: चौघडा, जातं, बीन. कादंबरी कितीही मोठी असो, तीनहून अधिक आवाज घेतले की ओळख पटत नाही. पाहुणे फार झाले की कुणाचंच नाव लक्षात राहत नाही, तसं.

मग प्रत्येक प्रसंगापुढे वेळ लिहिली. पहिला प्रसंग सकाळचा: वीस सेकंद चौघडा, मग देसकाराचे बीनेवरचे चार सूर, मग वाचन. दुसरा पहाटेचा: नुसतं जातं, अर्धं मिनिट, पहिल्या वाक्याबरोबर विझणारं. तिसरा राक्षसभुवनच्या लढाईनंतरचा, 1763 सालचा: चौघडा, पण नगारा वर आणि सनई खाली, कारण जागा छावणीची आहे. चौथा रात्रीचा, दोघांचा: सुरुवातीला दूरवर चौघडा, मग हळूहळू काहीच नाही. पाचवा संध्याकाळचा: पुन्हा चौघडा, आणि निवेदनाखाली यमन. तोच यमन जो मागच्या वेळी पेटीवर होता, या खेपेला बीनेवर.

एक लक्षात आलं असेल. दुसरा सोडला तर प्रत्येक प्रसंगात चौघडा आहे. ऐकणाऱ्याला तो आता ओळखीचा झालाय. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तो त्याच्याकडे लक्षही देत नाही, जसं आपण घरातल्या घड्याळाच्या टोल्यांकडे देत नाही. हेच हवं होतं.

कारण सहावा प्रसंग थेऊरचा आहे. नोव्हेंबर 1772. क्षयाने पोखरलेले माधवराव चिंतामणीच्या देवळात आणून ठेवले आहेत. वय सत्तावीस. 18 तारखेला ते जातात आणि रमाबाई सती जातात. मुळा-मुठेच्या काठी त्यांचं वृंदावन आजही आहे.

इथे काय लावायचं यावर आमच्यात आठवडाभर वाद झाला. कुणी मारवा सुचवला, कुणी सारंगी, कुणी नुसता तंबोरा. शेवटी जुन्या रीतीनेच सोडवणूक केली. राज्यावर शोक आला की नौबत थांबवत. आम्हीही थांबवली. पाचवा प्रसंग संपला, पानं उलटली, आणि ज्या जागी चौघडा वाजायचा त्या जागी वीस सेकंद काहीच वाजलं नाही.

तेराव्या-चौदाव्या सेकंदाला सभागृहातल्या माना वर झाल्या. कुणी मागे वळून ध्वनिवाल्याकडे पाहिलं, यंत्र बिघडलं की काय म्हणून. मग हळूहळू त्यांनाही समजलं. आणि वाचणारीने पहिलं वाक्य उचललं.